पाहुण्याचं पाणी

आमच्या घरी कुणी आलं की आधी पाणी, मग बाकीचं सगळं. ओसरीच्या कडेला पाय धुवायला बादली भरलेली असायची, आणि माणूस सतरंजीवर टेकला की माय आतून पितळी तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर यायची. पाणी पिऊन होईपर्यंत ‘काय काम काढलं’ असं विचारायची पद्धत नव्हती. हळद बघायला आलेला हिंगोलीचा व्यापारी असो, मोजणीला आलेला तलाठी असो, नाहीतर बांध कोरला म्हणून माझ्या वडिलांशी, आबांशी भांडायला आलेला शेजारचा किसन असो. किसन तर आधी फुलपात्रभर पाणी प्यायचा, वर चहा घ्यायचा, मिशा पुसायचा आणि मगच उठून उभा राहून शिव्यांना सुरुवात करायचा. आबाही तोवर त्याच्या बैलाची चौकशी करत बसायचे. भांडणाला घाई कसली, पाणी तर पिऊ दे, असा सगळा कारभार होता. या पद्धतीचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. पुढे याच पद्धतीनं आमचा घात केला, आणि ज्यांनी तिचा फायदा घेतला त्यांच्यावरचा माझा राग पन्नाशीकडे झुकले तरी उतरलेला नाही.

पाणी परसातल्या आडाचं. पहाटे मला जाग यायची ती आडावरच्या कप्पीच्या आवाजानं. तेल घातलं तरी ती कुरकुरायचीच. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया आमच्याच आडावर यायच्या, त्यामुळे कळशा आपटण्याचा, बांगड्यांचा आणि कुणाच्या तरी सासूच्या निंदेचा आवाज चहाच्या आधी घरात येई. माय सहसा कशाची बढाई मारत नसे. ना सोन्याची, ना शेताची, ना माझ्या कॉलेजाची. पण आडाचं नाव निघालं की तिचा पदर सावरायचा वेग बदलायचा. “आमच्या पाण्यात तुरीची डाळ एका उकळीत शिजती,” ती सांगायची, आणि खरंच शिजायची. पळीनं घोटलं की वरण लोण्यासारखं व्हायचं. त्यात भाकरी कुस्करायची, वर लसणाची फोडणी, शेजारी अंबाडीची भाजी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. माहेरवाशिणी परत जाताना माहेरचं काय काय नेतात. आमच्या गल्लीतल्या दोघी तर जवळच्याच गावांत दिलेल्या होत्या, त्या लहान कळशीत आमच्या आडाचं पाणी भरून न्यायच्या. त्यांचे नवरे हसायचे आणि निमूट कळशी सांभाळत एसटीत बसायचे.

हळद शिजवायचे दिवस आले की आडाला उसंत नसायची. परसात मोठी कढई चढायची, खाली जुनी लाकडं आणि हळदीचाच वाळका पाला, आणि वर गोणपाटाखाली उकळणारी हळद. तिच्या वाफेला एक कच्चा, मातीचा वास असतो. तो कपड्यांना, केसांना, वहीच्या पानांना लागायचा. मी कळमनुरीला कॉलेजात जायचे तेव्हा शहरातल्या पोरी माझे पिवळे हात बघून “लगीन ठरलं का गं?” म्हणून चिडवायच्या. मला ते आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

मग कारखाना आला. आमच्या परसामागून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, साखरेचा. त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की लोक त्या एकाला दोष देऊन मोकळे होतात आणि आपल्या शेजारच्याकडे बघायचं टाळतात. खोटं कशाला बोलू, तो आला तेव्हा गावानं गुलाल उधळला होता. आबांनीही पेढे वाटले होते. पहिली काही वर्षं बरी गेली. पुढे कारखान्यानं मळीपासून दारू गाळायला सुरुवात केली आणि तिथलं काळं पाणी ओढ्यात सोडू लागला. आधी वास आला. सडक्या गुळासारखा, घशात बसणारा. मग ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगले. आणि मग, ओढ्याला पाठ लावून असलेल्या आमच्या आडाला तो रंग लागला. हलका, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा. आमची म्हैस बादलीत तोंड घालायची आणि फुरफुर करून मागं सरायची. डाळ दुपारपर्यंत शिजेना. आबांचं धोतर कितीही धुतलं तरी तांबूसच. सगळ्यात वाईट म्हणजे चहा. दूध घातलं की फाटायचं. माय दूध बदलून बघे, साखर बदलून बघे, भांडं घासून बघे, आणि फाटलेला चहा मोरीत ओतताना माझ्याकडे बघायचं टाळे. हळदीचंही तसंच झालं. त्या पाण्यात शिजवलेली हळद मळकट दिसू लागली आणि मोंढ्यातला व्यापारी ती हातावर घासून नाक मुरडू लागला. गल्लीतल्या बाया एकेक करून आमच्या आडावर यायच्या थांबल्या. कप्पी फक्त आमच्यापुरती कुरकुरू लागली.

आबा अर्जांच्या मागं लागले. हिंगोली तेव्हा नुकतीच परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली होती, सगळी ऑफिसं नवी, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. प्रत्येक ऑफिसात आबांना दुसऱ्या ऑफिसचा रस्ता सांगत. अशात बातमी आली की कारखाना वाढणार आहे, आणि उसाच्या चोथ्यावर वीज करणार आहे. त्यासाठी लोकांची जाहीर सुनावणी होईल, ज्याची हरकत असेल त्यानं ती मांडावी, आणि त्याआधी एक साहेब गावात येऊन पाहणी करतील. विजेचं नाव निघालं आणि निम्मं गाव विरघळलं. दिवसभर लाइट नाही, मोटार चालत नाही, पोरं कंदिलावर अभ्यास करतात. अशा गावाला वीज म्हटल्यावर कोण नको म्हणेल? सरपंच गोविंदकाका आबांना म्हणाले, “भाऊ, पाण्याचं बगू मंग. आदी लाइट तर येऊ दे.” आबांनी विचारलं, ही वीज आपल्या खांबावर उतरणार आहे असं कुणी सांगितलं? गोविंदकाकांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तसं धरून चालले होते. सगळा जिल्हाच धरून चालला होता.

साहेब आमच्याच घरी बसणार असं ठरलं. अर्ज आबांचे होते आणि गल्लीत ओसरी आमचीच मोठी होती. आबांना वाटलं, आता एकदा साहेबानं आड बघितला की झालं. आणि तिथूनच घरात वाद पेटला. मी म्हणाले, त्यांना आपल्या आडाचंच पाणी द्या. एक घोट घेऊ द्या, मग अर्जाची गरजच नाही. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“दारात आलेल्या मानसाला इख पाजू व्हय गं?”

“आपण रोज पितोच की.”

“आपलं येगळं. आपण घरचे हाव.”

आबांनी मधला मार्ग काढला. आधी चांगल्या पाण्याचा चहा होऊ द्यायचा, आणि मग साहेबांना हाताला धरून आडाकडं न्यायचं, बादली ओढून दाखवायची. “आल्या आल्या तकरार सांगनं बराबर न्हाई,” ते म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नाही. पण त्या घरात कुणालाच याच्यापेक्षा वेगळं वागता आलं नसतं, हेही खरं. साहेब काही किसन नव्हता, चहा पिऊन झाल्यावर भांडण ऐकायला थांबायला. हे आम्हाला कुणाला सुचलं नाही.

चांगलं पाणी जवळपास एकाच ठिकाणी उरलं होतं, कारखान्याच्याही वर, तांड्याच्या विहिरीत. मी आणि माय किसनच्या बैलगाडीत टाकी घालून गेलो. तांड्यावरच्या शेवंताबाईनं टाकी भरून दिली, वर दोन घागरी वेगळ्या भरून गाडीत ठेवल्या. मायनं अवघडून विचारलं, काय द्यायचं याचं. शेवंताबाई म्हणाली, “पान्याचं काय देता बाई.” आमच्या गावातली जुनी माणसं तांड्यावर गेली तर पाणी पीत नसत, हे मला ठाऊक होतं, आणि शेवंताबाईला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिनं ते काढलं नाही. गाडी उतारावर लागल्यावर माय बराच वेळ खाली मान घालून बसली होती.

साहेब आले ते कारखान्याच्या जीपमधून. ज्याची तपासणी करायची त्याच्याच गाडीतून! सोबत कारखान्याचा एक माणूस, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, घड्याळाकडे बघत बोलणारा. साहेबांनी पाय धुतले नाहीत, बूट तसेच ठेवून सतरंजीच्या कडेला बसले. मायनं तांब्या पुढं केला. उन्हाचे आले होते, एक फुलपात्र प्यायले, दुसरं मागितलं. मग चहा झाला. तो फाटला नाही. आलं घातलेला, दाट, जुन्या दिवसांसारखा चहा. साहेब म्हणाले, “वा. एवढं गोड पाणी आमच्या औरंगाबादेतसुद्धा नाही.” आणि मी मायच्या चेहऱ्याकडं बघितलं. ती सुखावली होती. कित्येक महिन्यांनी कुणी तिच्या हातच्या पाण्याचं कौतुक केलं होतं, आणि ते पाणी आपलं नाही हे ती क्षणभर विसरलीच होती. त्या क्षणाचा मला जितका राग येतो तितका कारखान्याचाही येत नाही. तिच्यावर नाही, ज्यांनी तिला एवढ्याशा गोष्टीला महाग केलं त्यांच्यावर.

आबा हात जोडून उठले आणि म्हणाले, साहेब, आता आडाकडं चला. कारखान्याच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि सांगितलं की जेवण कारखान्यावर ठेवलंय, पोळ्या गार होतील. साहेब ओसरीच्या टोकापर्यंत आले, तिथून परसाकडं एकदा मान वळवली. पाण्याचा नमुना घ्यायचा नाही का, असं मी विचारलं. बाटल्या दुसऱ्या गाडीत आहेत, असं उत्तर मिळालं. दुसरी गाडी आलीच नव्हती. “जे काय असेल ते सुनावणीत मांडा,” असं म्हणून ते जीपमध्ये बसले, आणि आबा भरलेल्या बादलीजवळ एकटेच उभे राहिले. तिच्यात आमच्या आडाचं पाणी होतं, तांबूस, वर फेसाची कड धरलेलं.

सुनावणी कारखान्याच्याच आवारात झाली. मोठा मंडप, लाल खुर्च्या पुढाऱ्यांना, सतरंज्या आम्हाला. जनरेटरवर पंखे फिरत होते; वीज या विषयावर बोलायला जमलेल्या त्या सभेला सरकारी वीज नव्हती, आणि ही गोष्ट व्यासपीठावरच्या एकालाही लाजिरवाणी वाटली नाही. एकामागून एक भाषणं झाली. मागास मराठवाडा, प्रदेशाचा विकास, हरित ऊर्जा, निसर्गाचं चक्र. चोथा वाया जात नाही, धूर कमी होतो, जिल्हा विजेत स्वयंपूर्ण होतो. त्यातली बरीच वाक्यं खोटी नव्हती, हेच तर चीड आणणारं होतं. पुढं आयुष्यभर शाळेत शिकवताना मी पर्यावरणाच्या पुस्तकात तीच वाक्यं शिकवली. अगदी गेल्या महिन्यात हिंगोलीतच एका परिसंवादाला मला बोलावलं होतं, शाश्वत विकासावर. प्रत्येक वक्त्यासमोर पाण्याची सीलबंद बाटली ठेवली होती. मी अध्यक्षांना विचारलं, हे पाणी कुठलं आहे? त्यांनी बाटलीवरच्या कागदावर शोधलं, सापडलं नाही, आणि ते हसले. मी माझं भाषण तिथून सुरू केलं. लोकांना वाटलं, बाई कडक आहेत.

मंडपात आबांनी अर्ज वाचून दाखवला. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यांनी सगळं सांगितलं: डाळ, धोतर, म्हैस, हळद. आणखी दोन-तीन गावांतली माणसं उठायच्या तयारीत होती, मी बघत होते. किसनसुद्धा गुडघ्यावर आला होता. तेवढ्यात साहेबांनी माइक घेतला. त्यांनी सांगितलं की अर्जदाराच्या भावनांचा त्यांना आदर आहे, पण ते स्वतः या गावात, याच घरात जाऊन आले आहेत. “मी तिथं दोन ग्लास पाणी प्यायलो, चहा प्यायलो. मला काही झालं का? उत्तम पाणी आहे.” पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्या आल्या. उठायच्या तयारीतली माणसं पुन्हा बसली.

माय उठली. आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर एका हातानं धरून ती सतरंजीवर उभी राहिली.

“साहेब, ते पाणी आमच्या आडाचं नव्हतं.”

साहेबांनी तिला ओळखलं. “मग कुणाचं होतं, मावशी?”

“तांड्यावरचं. तुमच्यासाठी गाडीत घालून आनलं व्हतं. आमचं पेन्याजोगं ऱ्हायलं न्हाई म्हनून तर आनलं.”

“म्हणजे पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला तुम्ही दुसरंच पाणी दाखवलं?” साहेब माइकमध्ये हसले. “ही तर शासनाची दिशाभूल झाली.”

मंडप हसला. पुढच्या खुर्च्या हसल्या, तो पांढराशुभ्र माणूस हसला, आणि आमच्या सतरंजीवरचे लोकही हसले, कारण सगळे हसत होते. गोविंदकाका मागून म्हणाले, “वैनी, बसा.” माय बसली नाही.

“दाखवलं न्हाई साहेब,” ती म्हणाली. “पाजलं.”

पण माइक तोवर पुढच्या वक्त्याकडं गेला होता. तिचं हे बोलणं मी ऐकलं, आबांनी ऐकलं आणि शेजारच्या चार बायांनी ऐकलं. पुढं कळलं की अहवालात पाण्याविषयी गंभीर तक्रार आढळली नाही असं लिहिलं गेलं. परवानगी मिळाली. चिमणी वाढली. दिवेलागणीला आमच्या अंगणातून कारखान्याचा सगळा लखलखाट दिसायचा, आणि आम्ही त्याच्याकडं बघत कंदिलाची काच पुसायचो. ती वीज आमच्या डोक्यावरून तारांतून कुठं गेली कुणास ठाऊक. आमच्या खांबावर ती उतरली नाही. आजही कुणी मला सांगितलं की लोकांशी चर्चा करून निर्णय घेतला, की माझ्या कानात ते हसणं येतं.

पितळी तांब्या आणि फुलपात्र मायनं चिंचेनं लख्ख घासली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. पिण्याचं पाणी आम्ही तांड्यावरून आणायचो ते घरच्यापुरतं. आलेल्या माणसाला ती पाणी देईनाशी झाली. विचारलं तर सरळ सांगायची की आमच्याकडं पाणी नाही. आबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. किसन एकदा भांडायला आला आणि पाण्यावाचून त्याला सुरुवातच करता येईना. तो तसाच परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. कळमनुरीकडचं चांगलं घर, मुलगा शाळेत मास्तर, आबांनी वर्षभर चपला झिजवून जमवलेलं. पाहुणे उन्हातून आले, ओसरीत टेकले, मुलाच्या वडिलांनी उपरण्यानं घाम पुसला आणि सवयीनं आतल्या दाराकडं बघितलं. आबांनी सकाळीच मायला विनवलं होतं, आजच्या दिवस तांड्याचं दे. टाकी भरलेली होती. माय रिकाम्या हातानं बाहेर आली आणि तिनं हात जोडले.

“बसा. पन पाणी मागू नका. आमच्या आडाचं तुमाला देववत न्हाई, आन दुसऱ्याचं आपलं म्हनून आता कोनाला पाजत न्हाई.”

मुलाचे वडील आबांकडं बघत राहिले. आबांनी समजावलं, कारखान्याचं सांगितलं, आडाचं सांगितलं. पाहुणे थोडं बसले, मला न बघताच उठले. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली असेल, पण घराला माणुसकीची रीत नाही. आमच्या घराला! आबा त्या दिवशी मायवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. पोरीचं नुकसान केलंस, असं ते म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी नाही म्हणून मान हलवली. मला त्या मुलाचं काही वाटत नव्हतं. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि तो तिला सांगावा असं मला वाटलं.

संध्याकाळी ती परसात आडाच्या काठावर बसलेली सापडली. मी जवळ जाऊन म्हणाले की तू बरोबर केलंस, असंच पाहिजे होतं. ती रडत होती. मी तिला सांगितलं, लग्न काय, दुसरीकडं जमेल. तिनं डोळे पुसले आणि मला काही कळत नाही अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं.

“लग्नाचं न्हाई गं,” ती म्हणाली. “उन्हाचं मानूस आपल्या दारातून कोरडं गेलं.”